गांवची ओसरी : इंग्लंडमधील खेड्यांतला पब

श्रोतेहो, ‘पब’ हा शब्द कानीं पडतांच आपल्याकडील सुशिक्षित घरांत भुंवया थोड्या वर चढतात. डोळ्यांसमोर उभा रहातो तो गुत्ता: अंधारी खोली, ओशाळलेले चेहरे, आणि घरीं वाट पहात बसलेलीं बायकामुलें. हें चित्र खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. दारूनें धुळीस मिळविलेलीं घरें आपण पाहिलीं आहेत, आणि तशीं घरें इंग्लंडांतहि आहेत. परंतु ‘पब’ हा ज्या दोन शब्दांचा संक्षेप आहे, त्यांचा अर्थ ‘सर्वांना खुलें असलेलें घर’ असा होतो. आणि खेडेगांवांतला एखादा नांवाजलेला पब पाहिला म्हणजे या अर्थाची खूण पटते. अशाच एका घरीं आज आपल्याला न्यावें असा माझा विचार आहे. पिणें न पिणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. न पिणाऱ्यालाहि तेथें पहाण्यासारखें व विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम दारावरची पाटी पहा. तिच्यावर नांवाबरोबर चित्र असतें: तांबडा सिंह, नांगर, मुकुट, ओकचा वृक्ष. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती त्या काळांत चित्र हीच पाटी होती. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकीर्दींत, १३९३ सालीं, एल विकणाऱ्यानें दाराशीं खूण लावलीच पाहिजे असा नियम झाला. ‘रॉयल ओक’ हें नांव तर इतिहासाचा एक धडाच आहे. १६५१ सालीं वुस्टरच्या लढाईंत पराभूत झालेला दुसरा चार्लस बॉस्कोबेल येथील ओकच्या झाडांत लपून बसला व पुढें राज्यावर आला. त्या झाडाची आठवण आजहि शेंकडों पब वागवीत आहेत.

आंत गेल्यावर नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो टेबल धरून बसतो आणि नोकर येण्याची वाट पहातो. नोकर येत नाहीं. येथें आपण उठून काउंटरपाशीं जावयाचें, मागावयाचें, बहुधा तेथेंच पैसे द्यावयाचे आणि आपला पेला आपणच घेऊन यावयाचा. काउंटरपुढें रांग दिसत नाहीं. पण रांग असते. कोण कोणाच्या आधीं आला हें पेले भरणाऱ्याच्या ध्यानांत असतें, आणि चुकून तुमचा नंबर आधीं लागलाच तर ‘या गृहस्थांची पाळी आहे’ असें आपण होऊन सांगणें ही सभ्यता समजतात. हात हलविणें किंवा नाणें वाजविणें अगदीं असभ्य. चार मित्र मिळून गेले तर प्रत्येकानें पाळीपाळीनें चौघांसाठीं पेले आणावयाचे. याला ‘राउंड’ म्हणतात. स्वतःची पाळी आली असतां हळूच पसार होणाऱ्याची आठवण गांव फार दिवस ठेवतें. पेले भरणाऱ्याला बक्षिशी देण्याची चाल नाहीं. फार संतोष झाला तर ‘तुमच्यासाठींहि एक घ्या’ एवढें म्हणावें. लेमनेड मागणारा माणूसहि या सर्व व्यवहारांत बरोबरीनें सामील असतो.

आतां ज्या पेयासाठीं लोक कोसकोस चालून येतात त्याकडे वळूं. सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात व ते भट्टीवर वाळवितात. हें माल्ट भरडून गरम पाण्यांत घोळलें म्हणजे गोड रस निघतो. तो हॉप नांवाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळून निववितात आणि त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. पूर्वींच्या एलमध्यें हॉप नव्हता. तो समुद्रापलीकडील नेदरलंड्सच्या बाजूनें पंधराव्या शतकांत इंग्लंडांत रुळला. येथपर्यंतची कृति सर्व प्रकारच्या बिअरला थोड्याफार फरकानें लागू आहे. परंतु जुन्या पद्धतीची एल कारखान्यांतून निघते तेव्हां तिच्यांतलें किण्व जिवंत असतें. पिंपांत तिचें आंबणें चालूच रहातें. आपल्या घरच्या विरजणाप्रमाणें ही सजीव वस्तु आहे, आणि विरजणाप्रमाणेंच ती कोणाच्या हातीं पडते यावर तिचें बरेंवाईट अवलंबून असतें.

ही पिंपें पबच्या तळघरांत ठेवतात. तेथें उष्णमान अकरा ते तेरा अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान राखावें लागतें. म्हणून एल कोमट असते ही समजूत चुकीची आहे, ती माठांतल्या पाण्यासारखी गार असते. पिंप आल्यावर तें हलवितां कामा नये. वरच्या भोंकांत सच्छिद्र लांकडाची खुंटी ठोकून आंतला जास्तीचा वायु जाऊं द्यावयाचा, गाळ खालीं बसूं द्यावयाचा, मग चव घेऊन तें विक्रीस काढावयाचें. गाळ लौकर बसावा म्हणून माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीपासून केलेला एक चिकट पदार्थ परंपरेनें वापरीत आले आहेत; कडक शाकाहारी माणसानें हें ध्यानांत ठेवावें. मग हातानें ओढावयाच्या दांड्याच्या पंपानें एल वर काढतात. अशा पंपाचें पेटंट जोसेफ ब्रामा या कल्पक कारागिरानें १७९७ सालीं घेतलें होतें. त्याचीं कुलुपेंहि त्या काळीं फार प्रसिद्ध होतीं.

नेहमींच्या लहान पिंपांत नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट एल असते. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एल उपसली जाते तशी तिची जागा हवा घेते, आणि हवा लागली कीं सुमारें तीन दिवसांत चव उतरूं लागते. तेव्हां हे बहात्तर पेले तीन दिवसांत खपलेच पाहिजेत. माझ्या सांगण्याचें मर्म या एका हिशेबांत आहे. गर्दीच्या पबांत एल चांगली मिळते, कारण ती शिळी होण्याआधीं संपते. गिऱ्हाईक कमी झालें कीं पिंप रेंगाळतें, चव बिघडते, आणि राहिलेलें गिऱ्हाईकहि जातें. उत्तम मालक, उत्तम तळघर आणि उत्तम कारखाना हीं तीन्ही असलीं तरी शेजाऱ्यांची ये-जा नसेल तर ही वस्तु टिकूं शकत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत मोठ्या कंपन्यांनीं गाळलेली, किण्व मारलेली व वायूच्या दाबानें ओढावयाची बिअर सर्वत्र पसरविली, तें या अडचणींतून सुटण्यासाठींच. तिला तळघराचें कौशल्य लागत नाहीं, आणि शेजारीहि लागत नाहींत. तेव्हां १९७१ सालीं चार तरुणांनीं जिवंत एलच्या रक्षणासाठीं एक चळवळ सुरू केली. ‘कॅम्रा’ या नांवानें ती पुढें फार वाढली, आणि जुनी एल आज मिळते याचें मोठें श्रेय तिला आहे.

या एलच्या एका प्रकाराशीं आपल्या मुंबईचाहि संबंध आहे. लंडनच्या पूर्वेस बो येथें हॉजसन नांवाच्या घराण्याचा कारखाना होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची फिकट रंगाची एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील गोऱ्या अंमलदारांसाठीं येऊं लागली. पुढें १८२० नंतर बर्टन गांवच्या ऑलसॉप व बास या कारखानदारांनीं हा व्यापार आपल्याकडे ओढला. ‘इंडिया पेल एल’ हें नांव त्यांतूनच रूढ झालें आणि आजहि पंपांच्या दांड्यांवर तें वाचावयास मिळतें.

आतां जेवणाकडे येऊं, कारण खेड्यांतल्या पबची कीर्ति हल्लीं जेवणावरहि तितकीच अवलंबून असते. पूर्वीं तेथें पाव, चीज आणि मुरवलेला कांदा यांपलीकडे फारसें मिळत नसे. ‘नांगऱ्याचें जेवण’ या नांवाचें एक ताट अजून मिळतें. त्यांत हेच पदार्थ असतात. नांव मोठें प्राचीन वाटतें, पण तें लोकप्रिय झालें १९५० नंतर, चीजच्या व्यापाऱ्यांनीं केलेल्या जाहिरातींमुळें. थंडीच्या दिवसांत एल घालून शिजविलेल्या मांसाचा जाडसर पाय आणि रविवारीं दुपारीं भाजलेलें मांस, बटाटे, भाज्या व त्यांबरोबर फुगलेलें यॉर्कशायर पुडिंग हा थाट असतो. गोमांस वर्ज्य असणाऱ्यानें आधीं विचारून घ्यावें. फळ्यावर खडूनें लिहिलेल्या यादींत शाकाहारी पदार्थ आतां बहुधा असतातच. टेबलाचा क्रमांक लक्षांत ठेवून जेवणहि काउंटरवरच सांगावयाचें. आणि पब दिवसभर उघडा असला तरी स्वयंपाकघर दुपारीं व रात्रीं ठराविक वेळींच चालतें हें विसरूं नये. रविवारीं तर जागा आधीं सांगून ठेवावी हें बरें.

जेवणाला हें महत्त्व कां आलें? केवळ पेल्यांवर खेड्यांतल्या पबचें पोट भरेना म्हणून. १९६७ सालीं मोटार चालविणाऱ्याच्या श्वासाची परीक्षा घेण्याचा कायदा अंमलांत आला. तो योग्यच होता, त्यानें पुष्कळांचे प्राण वांचविले. पण पांच मैलांवरून येणारें गिऱ्हाईक कमी झालें. दुकानांतली बिअर स्वस्त झाली व माणसें घरींच बसून पिऊं लागलीं. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधील पबांत धूम्रपान बंद झालें. मार्च २०२० मध्यें महामारीनें सर्व दारेंच बंद केलीं. इ. स. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्यें साठ हजारांच्या आसपास पब होते. वीस-बावीस वर्षांत ती संख्या पन्नास हजारांच्या खालीं आली.

येथें कोणी विचारील, ‘दारूचीं दुकानें बंद पडलीं, तर वाईट काय झालें?’ प्रश्न रास्त आहे. पण खेड्यांत पबबरोबर काय बंद पडतें तें पहावयास हवें. शाळा दूरच्या गांवीं गेलेली, टपालकचेरी उठलेली, बस आठवड्यांतून दोनदां येणारी. अशा ठिकाणीं माणसांनीं एकत्र बसावें अशी शेवटची खोली म्हणजे पब. एकटा रहाणारा म्हातारा तेथें एका पेल्यावर दोन तास बसतो. तो दोन दिवस दिसला नाहीं तर कोणी तरी त्याच्या घरीं जाऊन कडी वाजवितें. कित्येक पबांनीं टपालाची खिडकी, किराणा मालाची फळी, पुस्तकांचें कपाट आपल्या छपराखालीं घेतलें आहे. दारू तर दुकानांत मिळतच राहील. पण दार लावून एकट्यानें पिणाऱ्याला ‘आतां पुरे’ असें सांगणारें कोणी नसतें, आणि पबच्या मालकाला तें सांगण्याचा अधिकार आहे. व्यसनाची भीति ज्यांना वाटते त्यांनींहि या भेदाचा विचार करावा.

हें ओळखून एका गांवानें काय केलें तें सांगतों. इंग्लंडच्या वायव्य भागांत, सरोवरांच्या प्रदेशाच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं, हेस्केट न्यूमार्केट नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील पबचें नांव ‘ओल्ड क्राउन’, म्हणजे जुना मुकुट. १९८८ सालीं या पबच्या मागच्या जुन्या धान्याच्या कोठारांत एल बनविण्याचा छोटा कारखाना निघाला, आणि त्याच्या एलना भोंवतालच्या डोंगरांचीं नांवें देण्यांत आलीं. पबची करीहि दूरवर प्रसिद्ध झाली. पुढें कारखान्याचा मालक निवृत्त होऊं लागला, तेव्हां १९९९ सालीं लोकांनीं सहकारी संस्था काढून कारखाना घेतला. २००३ सालीं पब विकावयास निघाला. तो एखाद्या परक्या कंपनीच्या हातीं जाईल किंवा त्याचें रहातें घर होईल अशी भीति होती. तेव्हां गांवांतल्या व आसपासच्या शंभराहून अधिक लोकांनीं भाग घेतले आणि पबहि विकत घेतला. ब्रिटनमधील सहकारी मालकीचा हा पहिला पब मानला जातो. प्रत्येक सभासदाला एकच मत, हा तेथला नियम. १८४४ सालीं रॉचडेलच्या विणकरांनीं जी वाट घातली, आणि आपल्याकडे प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनीं साखर कारखाना काढून जी आपलीशी केली, तीच ही वाट. पुढें २०११ च्या एका कायद्यानें इंग्लंडांतील गांवकऱ्यांना आपला पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवितां येऊं लागला. असा पब विक्रीस निघाला तर पैसे जमविण्यासाठीं त्यांना सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळूं शकते. त्यानंतर पुष्कळ गांवांनीं या मार्गानें आपले पब राखले आहेत.

मात्र पब विकत घेतल्यानें काम संपत नाहीं. पिंपांतले बहात्तर पेले तीन दिवसांत खपलेच पाहिजेत, हा नियम सहकारी पबलाहि सुटलेला नाहीं. भाग घेऊन घरीं बसणारा सभासद आपल्या पबला वांचवूं शकत नाहीं; त्यानें मंगळवारच्या पावसाळी संध्याकाळींहि तेथें जाऊन बसलें पाहिजे. बाहेरगांवचे पाहुणे रविवारीं येतील, जेवतील, पैसे देतील, आणि त्यांची गरजहि आहे. पण सर्व टेबलें पाहुण्यांसाठींच मांडलीं, आणि गांवच्या माणसाला उभें रहावयास काउंटर उरलें नाहीं, तर तें चांगलें उपाहारगृह होईल. सर्वांना खुलें असलेलें घर मात्र रहाणार नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, कधीं त्या देशीं जाण्याचा योग आला, तर मोठ्या शहरांतले राजवाडे व संग्रहालयें पाहून झाल्यावर एक दिवस खेड्यांत जा. काउंटरपाशीं आपल्या पाळीची वाट पहा. पाणी मागा, लेमनेड मागा किंवा आणखी कांहीं मागा. तेथें कोणाच्याहि भुंवया वर चढणार नाहींत. शेजारचा माणूस बहुधा पावसापासून बोलण्यास आरंभ करील. त्याला उत्तर द्या.