सत्तर फुटांवरचा शेजारी

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या वस्तीत विजेच्या खांबाला बांधलेला, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद कधीतरी नजरेस पडतो. अमक्या घराच्या परसात आणखी एक घर बांधायचं आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत नगरपालिकेला कळवा. बाग मालकाची, पैसा मालकाचा. तरीही पुष्कळदा उत्तर येतं : नाही.

‘जमीन माझी आहे’ हे वाक्य तिथे अर्धंच खरं. १ जुलै १९४८ ला नवा नगरनियोजन कायदा अमलात आला आणि जमीन मालकाकडे ठेवून तिच्यावर बांधायचा हक्क तेवढा सरकारनं काढून घेतला. त्यातून एक मजेशीर गोष्ट निघाली. बांधायच्या परवानगीचा अर्ज दुसऱ्याच्या जमिनीसाठीही करता येतो! मालकाला रीतसर नोटीस दिली की झालं. कारण परवानगी सहसा माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळते.

मग परसातल्या घराला नकार कशासाठी? बहुतेकदा घर राहतं बाजूला, घोडं अडतं वाटेवर. मागच्या घराला रस्ता लागत नाही, म्हणून पुढच्या दोन घरांच्या मधून बोळ काढावा लागतो. रात्री अकराला कुणीतरी घरी परततं. चाकांखाली खडी करकरते, दिव्यांचा झोत शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या पडद्यावरून सरकत जातो. आपण ज्याला ‘चालायचंच’ म्हणतो, ते तिथे लेखी कारण होऊन नकारपत्रात बसतं. पुढचा प्रश्न अग्निशमनाच्या बंबाचा. त्याला साधारण ३.७ मीटर रुंद वाट हवी, घरातल्या कुठल्याही कोपऱ्यापासून ४५ मीटरच्या आत पोचता यायला हवं, आणि २० मीटरपेक्षा जास्त उलटं जायची पाळी त्याच्यावर येता कामा नये. कचऱ्याच्या डब्याचाही हिशोब आहे : रहिवाशानं तो ३० मीटरपेक्षा लांब ओढत नेऊ नये. हे आकडे मला एखाद्या कवितेइतके आवडतात. थंडीत, निसरड्या वाटेनं डबा ओढणारी म्हातारी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असणार.

आणि खिडक्या. समोरासमोरच्या खिडक्यांत साधारण २१ मीटर अंतर हवं, असा दंडक अनेक नगरपालिका अजून पाळतात. २१ मीटर म्हणजे जुने ७० फूट. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीनं घरांच्या रांगांमध्ये इतकं अंतर सुचवलं, ते हिवाळ्यातलं कलतं ऊन आत यावं म्हणून. दंतकथा मात्र वेगळंच सांगते : रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर हे वास्तुरचनाकार शेतात एकमेकांपासून दूर चालत गेले आणि शर्टाआडचं अंग दिसेनासं झालं तिथे थांबले. खरी असो-नसो, लाज मोजायची याहून चांगली पट्टी मला ठाऊक नाही.

शेजारी मात्र पानंच्या पानं लिहितात ती भलत्याच गोष्टींवर. माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, माझ्या घराची किंमत उतरेल. यातलं काहीही सहसा विचारात घेतलं जात नाही. सगळी शाई वाया.

परसाची पतही सरकारागणिक बदलली. २००० पासून परसबागा बंद कारखान्यांच्या पंगतीत, ‘एकदा वापरलेली जमीन’ म्हणून बसल्या होत्या, आणि अशा जमिनीवर बांधायला सरकारचं उत्तेजन होतं. जून २०१० मध्ये नव्या सरकारनं त्यांना तिथून उठवलं.

नकार मिळाला की अर्जदाराला अपिलासाठी सहा महिने असतात. परवानगी मिळाली, तर शेजाऱ्याला अपीलच नाही. उरतं फक्त कोर्ट. अपील झालं की निरीक्षक जागा पाहायला येतो. अर्जदार आणि नगरपालिका, दोन्ही बाजू सोबत असतील तर हे झाड, ती खिडकी, एवढं बोट दाखवायची मुभा असते. बाजू मांडायला बंदी. तेव्हा तिघेही शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात गप्प उभे राहतात आणि कुंपणापलीकडच्या हिरवळीवर नसलेल्या घराकडे बघत राहतात.