सातबारा होण्याआधी

१९०३ पूर्वी मुंबई इलाख्यातल्या महसूल दप्तरातून मुख्यतः एवढंच कळे, की सारा कोणाकडून वसूल करायचा. जमीन खरी कोणाची, कसतो कोण, भाऊबंदांचे हिस्से किती, ती कोणाकडे गहाण पडली आहे, याचा पत्ता त्या कागदांवरून लागत नसे.

मोजणीच्या बाबतीत मात्र हेच दप्तर फार काटेकोर होतं. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली आकारणी फसली आणि इंदापूर भागातली कितीतरी शेतं ओस पडली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे नव्याने काम सुरू केलं. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ भाग केलेले, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. साखळीभर लांब-रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. मातीची प्रतही आण्यांतच ठरे. उत्तम काळी, खोल जमीन सोळा आणे, मग रंग आणि खोली पाहून प्रत उतरत जाई. सर्व्हे नंबर, बांधांच्या खुणा, तीस वर्षांसाठी कायम केलेला आकार, हे सगळं याच पद्धतीतून आलं.

पण सर्व्हे नंबरासमोर नाव असे ते खातेदाराचं, म्हणजे सारा भरणाऱ्याचं. एका खात्यात चार भावांच्या वाटण्या झाल्या असल्या तरी दप्तरात त्यांचा मागमूस नसे. गहाण-खरेदीचे कागद सावकाराच्या पेटीत. बाकीची माहिती वतनदार कुलकर्ण्याच्या मोडी रुमालात, नाहीतर त्याच्या डोक्यात. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, त्यामागे कर्जाच्या बोज्याइतकीच ही कागदी असहायताही होती असं मला वाटतं. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्या बाजूने कोणतीही सरकारी नोंद बोलत नाही, त्याने कोर्टात दाखवायचं तरी काय?

१९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी आली आणि १९१३ मध्ये ती सुधारून जमीन महसूल कायद्यातच घातली गेली. पुढे एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने गावदप्तराची घडी बसवली, ती १ ते २१ क्रमांकांच्या गाव नमुन्यांत. महसूल खात्यातली जुनी माणसं अजून 'अँडरसन मॅन्युअल'चं नाव घेतात. नमुना १ आकारबंद, ६ फेरफार, ८ अ खातं, ७ अधिकार अभिलेख, १२ पीकपाहणी. सात आणि बारा एकाच कागदावर आले म्हणून सातबारा.

या सुधारणेचा खरा प्राण मला फेरफारात दिसतो. हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांच्या आत गावकामगाराला कळवायचं. हे तोंडी सांगितलं तरी चाले, आणि कळवल्याची लेखी पोच देणं त्याच्यावर बंधनकारक होतं. नोंद वहीत घेऊन तिची नक्कल चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटिसा द्यायच्या. हरकत आली तर ती वेगळ्या तक्रार वहीत. शेवटी वरच्या अधिकाऱ्याने तपासून मंजुरी दिल्याशिवाय नाव चढायचं नाही. जुना सातबारा नीट पाहा: गेलेल्या माणसाचं नाव खोडलेलं नसतं, कंसात घातलेलं असतं, आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर धरून मागे मागे जात पणजोबांपर्यंत पोचता येतं. परक्या सरकारने वसुलीच्या सोयीसाठी उभं केलेलं हे दप्तर रयतेच्या हाती पुरावा देऊन गेलं, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

उणिवाही तितक्याच खऱ्या. चावडीवरची नक्कल वाचू शकणारे गावात थोडेच होते. बहिणींची, विधवांची नावं वारसनोंदीतून गळत, आणि त्याचे वाद आजही कोर्टात चालू आहेत. लिहिणारा हातही बराच काळ वतनदाराचाच राहिला. कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५० मध्ये. शिवाय सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची, एवढंच कायदा म्हणतो, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हे तत्त्व जसंच्या तसं पुढे चालवलं.

आता फेरफार संगणकावर होतो. तरीही तलाठी नोंद घेतो, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस थांबावं लागतं आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो.