अवर्षण आणि पंपाची वीज

विहिरीवरील पंप विजेवर चालतो हे प्रत्येक शेतकरी जाणतो; परंतु ती वीजदेखील पाण्यावाचून निर्माण होत नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक वीज केंद्राने ती मराठवाड्यास दाखवून दिली. २०१२ सालचा पाऊस तुटपुंजा झाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील एकूण १,१३० मेगावॅट क्षमतेचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली.

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात व तिच्या जोराने जनित्र फिरवितात. ही वाफ थंड करण्याच्या कामी लागणारे पुष्कळसे पाणी उंच मनोऱ्यांतून हवेत उडून जाते. अशा जुन्या केंद्रांना केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादाच एका युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालविण्यास सुमारे ३० युनिट वीज लागते. म्हणजे आपल्या विहिरीतील पाणी उपसण्यासाठी दूर कोठेतरी शंभर लिटर पाणी खर्ची पडत असते!

आता हवामान तापत चालल्याने हा हिशेब अधिक बिकट झाला आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. अशी हवा जमिनीची ओल व जलाशयांचे पाणी अधिक शोषते आणि पुढे तेच बाष्प थोड्या वेळात एकदम ओतते. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीवर गेल्याचे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. जलविद्युतीस असा पाऊस फारसा उपयोगी पडत नाही. धरण भरलेले असता येणारा लोंढा सांडव्यावरून सोडून द्यावा लागतो. उलट पाऊस कमी झाला की कोयनेसारख्या धरणावर ओढाताण होते. पोफळीच्या वीजगृहाकडे वळविलेले पाणी कोकणात उतरते, ते कृष्णाकाठच्या शेतीस परत मिळत नाही. नेमक्या त्याच वर्षी विहिरींची पातळी खोल जाते आणि तेवढेच पाणी वर काढण्यास अधिक वीज लागते.

सौर पंपास थंड करण्यासाठी पाणी लागत नाही, आणि अवर्षणाच्या वर्षी ऊनही भरपूर असते. तथापि ग्रामसेवकांनी एक गोष्ट शेतकरी बंधूंस स्पष्टपणे सांगावी. सूर्याच्या विजेचे बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवल्यास विहीर लवकर कोरडी पडेल. सौर पंपाबरोबर ठिबक संच बसवावा, आणि पंपाची अश्वशक्ती ठरविण्यापूर्वी विहिरीतील पाण्याची खोली उन्हाळ्यात मोजावी, पावसाळ्यात नव्हे.