पहिला माणूस कोणाच्या पोटातून आला?

ज्यांना लोकलमध्ये नाहीतर ऑफिसात हेडफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

माझी भाची सहा वर्षांची आहे. घरात तिला चिऊ म्हणतो. एका रविवारी जेवताना तिने विचारलं, "मामा, मी आईच्या पोटातून आले, आई आजीच्या पोटातून आली. मग सगळ्यात पहिला माणूस कोणाच्या पोटातून आला?" मी पडलो बी.टेक., सॉफ्टवेअरवाला. वरणभात कालवता कालवता सांगून टाकलं, "अगं, आधी माकडं होती. माकडाचा माणूस झाला." मला वाटलं, झालं काम.

दोन आठवड्यांनी आम्ही सिंहगडावर गेलो. तिथे कोणीतरी एका माकडाला दगड मारला आणि चिऊ रडायलाच लागली. काय झालं ते कोणालाच कळेना. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा परत माकड झालेत का?"

आजोबा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्या रात्री मला झोप नाही आली. चूक तिची नव्हतीच. 'माकडाचा माणूस झाला' हे वाक्य लहान मुलाच्या कानाने ऐकून बघा. दुधाचं दही झालं, तसं. म्हणजे एक माकड होतं, ते बदललं आणि माणूस झालं. आणि एकदा बदलतं म्हटल्यावर उलटंही बदलू शकेल. आपल्या डोक्यातही हेच बसलंय, कारण ते चित्र आपण शंभर वेळा पाहिलंय: डावीकडे वाकलेलं माकड, उजवीकडे ताठ चालणारा माणूस. रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली एका पुस्तकासाठी काढलेल्या चित्राच्या या सगळ्या नकला. टी-शर्टवर छान दिसतं, पण बघणाऱ्याला वाटतं एकच प्राणी हळूहळू उभा राहतोय.

खरं म्हणजे कुठलाच प्राणी जन्मभरात दुसरा प्राणी होत नाही. माकडीण माकडालाच जन्म देते, माणूस माणसालाच. फक्त पिल्लू आईची हुबेहूब कॉपी नसतं, इतकुसा फरक असतो. तो फरक हजारो पिढ्या साठत जातो. म्हणून 'पहिला माणूस' असा कोणी नव्हताच. आम्ही कोडला व्हर्जन नंबर देतो, निसर्ग देत नाही.

हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी फोन काढला. तिच्या जन्मापासूनचे फोटो आहेतच. म्हटलं, "बाळ चिऊची मोठी चिऊ कोणत्या फोटोत झाली, शोध." ती बराच वेळ सरकवत बसली. एकदा वाढदिवसाच्या केकवर थांबली, मग म्हणाली, "पण आदल्या दिवशीच्या फोटोत पण मी अशीच आहे." बरोब्बर! फोटोत एकच चिऊ बदलते, पिढ्यांमध्ये दरवेळी नवीन बाळ असतं, एवढा फरक मात्र लगेच सांगा. मी तो सांगायला विसरलो असतो तर पुन्हा सिंहगड झाला असता.

पुढची युक्ती मुळात रिचर्ड डॉकिन्स यांची, मी फक्त रस्ता आपला घेतला. स्वारगेटला चिऊ उभी आहे. तिच्या मागे तिची आई, मग आजी, पणजी, खापरपणजी, अशी सगळ्या आयांची रांग कोल्हापूरच्या दिशेने. एकीला एक मीटर जागा, एक पिढी २५ वर्षांची. कात्रजच्या घाटात पोचेपर्यंत साधारण १२ किलोमीटर होतात, म्हणजे १२ हजार आया, ३ लाख वर्षं. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला आपल्यासारख्या माणसांची जी सगळ्यात जुनी हाडं सापडलीत ती याच काळातली. सातारा मागे टाकला की ल्यूसीचा काळ येतो, ३२ लाख वर्षांपूर्वीचा. १९७४ साली इथिओपियात सापडलेली ल्यूसी दोन पायांवर चालायची आणि उंचीने जेमतेम साडेतीन फूट होती. चिऊला हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण तीही तेवढीच आहे.

कोल्हापूरच्या आसपास, साधारण ६० लाख वर्षांवर, एक आई भेटते जिच्या दोन लेकी. एकीच्या लेकींची रांग आपल्यापर्यंत आली, दुसरीची चिंपांझीपर्यंत. (खऱ्यात दोन बहिणी नाहीत, दोन कळप हळूहळू वेगळे होत गेले. मुलांना बहिणी पुरतात.) म्हणजे चिंपांझी आपले आजोबा नाहीत, लांबची मावसभावंडं आहेत. 'मग अजून माकडं कशी काय आहेत?' याचंही उत्तर यातच आलं. मी आलो म्हणून माझा मावसभाऊ नाहीसा होतो का?

सिंहगडावरचं माकड तर आणखी लांबचं. त्याची आणि आपली समान आई गाठायची तर याच हिशोबाने बंगळुरूच्याही पुढे जावं लागेल. मराठीत सगळ्यांनाच सरसकट माकड म्हणतो, तिथे घोटाळा होतो. चिंपांझीला शेपूट नसतं, आपल्यालाही नसतं. शेपटाच्या जागी उरलेलं जे हाड आहे त्याला आपल्याकडे माकडहाडच म्हणतात. मुलांना पाठीखाली हात लावून दाखवा, जाम हसतात.

आता आजीचा प्रश्न. माझी आई चिऊला सांगते की माणूस देवाने घडवला. मी तिला मुलीसमोर खोडून काढत नाही. पण चिऊने सरळ विचारलं, "खरं काय?", तेव्हा सांगितलं, "आजी सांगते ती गोष्ट आहे. मी सांगतो ते जमिनीतल्या हाडांवरून शोधलंय." गोलमाल उत्तर दिलं नाही. आई दोन दिवस जरा गप्प होती, मग तीच चिऊला ल्यूसीबद्दल विचारायला लागली.

आणि आजोबांचं? तेही स्पष्टच सांगितलं. आजोबा माकड झालेले नाहीत, कोणीच होत नाही. ते वारले.

गेल्या महिन्यात खरंच गाडीने कोल्हापूरला गेलो. कात्रजला तिने काचेला नाक लावून बाहेर पाहिलं. मग विचारलं, "आणि आजोबांची आई किती लांब उभी आहे?"

मी हिशोब केला. तीन मीटर. आमच्या गाडीच्या लांबीत बसते.