आगोटीचे पाहुणे

कामवारी नदीकाठचे भिवंडी हे यंत्रमागांचे शहर होय. मे महिन्यात शाळांना सुटी लागली, की येथील पुष्कळ कुटुंबे नातलगांकडे जावयास निघतात. कोणी आगगाडीने तेलंगणात किंवा उत्तर प्रदेशात जातात, कोणी दक्षिण कोकणात उतरतात. ज्यांचे आजोळ तालुक्यातच आहे, ती मुले एस. टी. ने थोड्याच वेळात अंबाडी, वज्रेश्वरी, पडघा या बाजूच्या खेड्यांत पोहोचतात. झाडावरचे आंबे, रानातली करवंदे आणि थंडगार ताडगोळे यांमुळे शहरातील मुलांना हा महिना निव्वळ मौजेचा वाटतो. परंतु ज्यांच्या घरी ती पाहुणी म्हणून उतरतात, त्यांना मात्र हे दिवस मोठ्या धांदलीचे असतात. या दिवसांना आगोट म्हणतात.

आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. कोकणच्या या उत्तर भागात साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि पुढे चार महिने तो सहसा उसंत देत नाही. पूर्वी नदीनाले भरले, की खेड्याचा बाजाराशी संबंध तुटत असे. म्हणून मे महिन्यातच सरपण, गोवऱ्या, तिखट, मसाले, पापड, लोणची व सुकी मासळी यांची बेगमी करावी लागे. आता रस्ते व पूल झाले आहेत, अनेक घरांत गॅसही आला आहे. तरी ही बेगमी पुरती थांबलेली नाही. जी घरे अद्याप कौलारू आहेत, त्यांची कौलेही याच दिवसांत परतून घेतात. एक फुटके कौल राहून गेले, तरी पावसाळाभर घरात गळती लागते.

शेतातही हीच घाई असते. भाताची रोपे जेथे तयार करावयाची, त्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून वर मातीचा पातळ थर देतात आणि तो उन्हाळ्यात पेटवतात. यास राब भाजणे म्हणतात. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही, ती धुमसत राहते. त्यामुळे तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. या रीतीत झाडांच्या फांद्यांची फार तोड होते, म्हणून राब न भाजता गादीवाफ्यांवर रोपे करावीत, असे आता कृषितज्ज्ञ सुचवितात.

या सर्व धांदलीत सर्वांत बिकट प्रश्न असतो तो पाण्याचा. जेथे एवढा पाऊस पडतो, तेथे वैशाखात विहिरी तळ का गाठतात? याचे कारण जमिनीत आहे. येथील काळा कातळ फारसे पाणी मुरू देत नाही. उताराने ते ओढ्यांत, नदीत आणि अखेर खाडीत निघून जाते. तानसा नदीवरचे धरण १८९२ साली पुरे झाले. तेथील पाणी ज्या प्रचंड नळांनी मुंबईस जाते, ते नळ भिवंडी तालुक्यातूनच गेले आहेत. पण ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत, तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आता पाहुण्यांचा हिशोब पाहू. घरात पाच माणसे असता आणखी चार पाहुणे आले, म्हणजे विहिरीवरच्या खेपा जवळजवळ दुप्पट झाल्या. या खेपा बहुधा मामी किंवा आजी घालते. उन्हात डोक्यावर हंडा घेऊन ती आली, तरी हसतमुखाने विचारते, “बाळा, अंघोळ झाली का?” पाणी कमी आहे, हे ती बोलून दाखवीत नाही, तसे बोलणे पाहुणचारास शोभत नाही, असे तिला वाटते. म्हणूनच ते पाहुण्याने न सांगता ओळखावयाचे असते. एका तांब्याचे काम अर्ध्या तांब्यात करावे, भांडी धुतलेले पाणी परसातील झाडांना घालावे, एक कळशी आपणही उचलावी, कौले परतताना खालून एकेक कौल हाती द्यावे. एवढे तर अकरा वर्षांच्या मुलासही साधते.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात, त्याच सुमारास पेरलेल्या राबात भाताचे हिरवे अंकुर दिसू लागतात. तीन-चार आठवड्यांनी ती रोपे उपटून चिखलात लावली जातात आणि दिवाळीच्या आसपास नवा तांदूळ घरात येतो. बहुतेक वेळा त्यातील एक पिशवी भिवंडीच्या पाहुण्यांकडेही पोहोचते. ज्या मुलाने मे महिन्यात मामाबरोबर त्या तुकड्यावर पाला पसरला असेल, त्याला त्या भाताची चव काही निराळीच लागते.