वैशाखातली नोंदवही

मेळघाटातला साग होळीच्या आगेमागे पानं टाकू लागतो. पावसाळ्यात दहा पावलांवरचं जनावर दिसू नये असं जे रान, त्यात मे महिन्यात समोरच्या डोंगराची धारही लख्ख दिसते. सिपना, गडगा, खापरा या नद्यांच्या पात्रात जागोजागी डोह तेवढे उरतात. सांबरापासून अस्वलापर्यंत सगळ्यांच्या वाटा त्या मोजक्या पाण्याकडे वळतात. खाली सपाटीवरही तीच कथा. कपाशी निघून गेलेली, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, विहिरीतले एरवी बुडालेले दगड वर आलेले. जमीन, पाणी आणि रान वर्षातून एकदाच इतकं उघडं पडतं, आणि नेमके तेव्हाच अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतले वर्ग बंद असतात.

पर्यावरणाच्या विद्यार्थ्याचं खरं सत्र म्हणूनच सुटीत सुरू होतं. देशपातळीवर यासाठी नावाजलेल्या योजना आहेत. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिच्यात विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. वऱ्हाडातली बहुतेक मुलं या वाटेनं येत नाहीत. ती येतात वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या रात्रीतून, एखाद्या संस्थेच्या पक्षीसर्वेक्षणातून, प्राध्यापकानं हाती घेतलेल्या विहिरींच्या पाहणीतून. काम मात्र तेच असतं: उन्हात जायचं, पाहायचं, मोजायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त सराव लागतो.

पाणवठ्यावरची बुद्धपौर्णिमेची रात्र ही त्या सरावाची ओळखीची पहिली पायरी. मेळघाट व्याघ्र प्रकल्प २२ फेब्रुवारी १९७४ रोजी जाहीर झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. आज त्याचा पसारा सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा आहे. त्यातली नरनाळ्याची बाजू अकोला जिल्ह्यात येते. वैशाखी पौर्णिमेला टॉर्च न लावता पाणवठा दिसतो, म्हणून रात्र हीच. काही मुलं परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहकडे जातात, काही अकोटवरून शहानूरच्या फाटकातून आत शिरतात. ऊन कलण्याआधी मचाणावर चढून बसायचं आणि सकाळ होईपर्यंत उतरायचं नाही. सोबतीला एक वनरक्षक किंवा जवळच्या गावातला कोरकू वनमजूर. अंगावर मातकट कपडे, अत्तर नाही, फोन बंद. पोळ्या आणि कोरडी चटणी चालते, कुरकुरीत पाकीट चालत नाही, कारण त्याचा आवाज चांदण्यात फार लांब जातो.

हातातल्या तक्त्यावर रकाने असतात. वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू, कोणत्या बाजूनं आला, कोणत्या बाजूला गेला. उजेड असतो तोवर वानरं, मोर आणि रानकोंबड्या येऊन जातात, आणि पेन थांबत नाही. मग अंधारतं आणि बराच वेळ काहीच घडत नाही. रानगव्यांचा कळप येतो तेव्हा आधी झुडपं मोडल्याचा आवाज येतो. काळ्या अंगावर पायांचे पांढरे मोजे तेवढे चांदण्यात हलताना दिसतात. कळपात किती, हे मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. पिणारी पुढे, थांबलेली मागे, आणि वासरू आईच्या आड. पहिल्यांदा आलेला मुलगा बारा मोजतो, शेजारचा वनमजूर नऊ म्हणतो. दोघं पुन्हा मोजतात, पण या वेळी कळप पाण्यावरून परत निघताना, एका ओळीत. रानात पिढ्या घालवलेल्या माणसाकडून मोजायची ही रीत शिकायला मिळते, ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडायची नाही.

खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर. डोळे ओढलेले असतात आणि पलीकडच्या काठावर एक सावली सरकते. बिबट्या असावा असं मनापासून वाटतं. वर्षभर मित्रांना सांगता येईल अशी ती नोंद असते. अशा वेळी तक्त्यात ‘ओळख पटली नाही’ एवढंच लिहिणारी मुलगी पुढे चांगली अभ्यासक होते. ज्या तासात कोणीच आलं नाही त्या तासासमोर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही, हेही त्याच रात्री शिकवलं जातं. कोरा रकाना म्हणजे पाहणारा झोपला होता की प्राणी आला नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

या रात्रीच्या बेरजेतून रानातल्या प्राण्यांची संख्या निघते, असा समज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी पसरवला आहे. ती तशी निघत नाही. एकच सांबर संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर येऊ शकतं. आदल्या आठवड्यात वळीव पडला असेल तर डबकी भरतात आणि पाणवठ्यावर कोणी फिरकत नाही, पण त्यामुळे रान काही रिकामं झालेलं नसतं. आजकाल ही रात्र मुख्यतः निसर्गानुभवासाठी भरवली जाते. वाघांचा अंदाज वेगळ्या पद्धतीनं काढतात, आणि ती बदलण्यामागे मोठी ठेच आहे. पूर्वी ठशांवरून वाघ मोजत. २००१-०२ साली देशात ३,६४२ वाघ असल्याचं सांगितलं गेलं. मग राजस्थानातल्या सरिस्काचे सगळे वाघ संपल्याचं २००५ च्या सुमारास उघड झालं. २००६ मध्ये नव्या पद्धतीनं मोजणी झाली तेव्हा अंदाज आला १,४११. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एक बाजू टिपून अर्धीच ओळख पटते. २०२२ च्या मोजणीत देशाचा अंदाज ३,६८२ आणि महाराष्ट्राचा ४४४ होता.

कॅमेरा लावण्याआधी पायपीट असते. मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीत, पंधरा किलोमीटर चालायचं. विष्ठा, ठसा, झाडावरचे ओरखडे, जे सापडेल ते जागेसह नोंदवायचं. मग दोन किलोमीटरच्या ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालत जाऊन तृणभक्षी प्राणी मोजायचे आणि ते किती अंतरावर, कोणत्या कोनात दिसले तेही लिहायचं. हे काम वनरक्षकांचं आहे. पण त्यांच्या मागे चार पहाटा चाललेल्या विद्यार्थ्याला पुढे अहवालातला आकडा वाचताना त्यामागचा घाम कळतो.

नोंदवहीतली एक खोटी ओळ केवढं नुकसान करू शकते, याचं जगभर गाजलेलं उदाहरण मेळघाटाशी जोडलेलं आहे. रानपिंगळा हा जेमतेम वीतभर उंचीचा घुबडाच्या कुळातला पक्षी. ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याला तो १८७२ साली आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला आणि पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. मग रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रसिद्ध इंग्रज संग्राहकानं १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ आपल्याला तो मिळाल्याचं सांगितलं. पुढचे शोध त्या नमुन्यावरच्या एका चिठ्ठीच्या भरवशावर भलत्या जागी होत राहिले. प्रत्यक्षात त्यानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून नवी चिठ्ठी लावली होती. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारली आणि उरलेल्या खऱ्या नोंदींचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा पुन्हा दिसला. त्यानंतर लवकरच तो मेळघाटातही सापडला, आणि आज हे रान त्याच्या मोठ्या आधारांपैकी एक मानलं जातं.

हा पक्षी दिवसा वावरतो, सागाच्या उघड्या शेंड्यावर उन्हात बसतो, सरडे आणि उंदीर मारतो. पानगळीच्या दिवसांत तो शोधणं म्हणूनच सोपं. पण गावाकडच्या नेहमीच्या पिंगळ्याशी घोटाळा होतो. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात आणि शेपटीवरचे पट्टे रुंद असतात. दुर्बिणीतून डोकं नीट दिसेपर्यंत नाव लिहायचं नाही, एवढा एक नियम पाळायला शिकण्यात नवख्या मुलाचे पहिले काही दिवस जातात, आणि ते वाया जात नाहीत.

घाट उतरून अकोट, तेल्हारा, दर्यापूर, बाळापूरच्या बाजूला आलं की रान संपतं आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. गाळाची जाड जमीन, पाण्याचा निचरा मंद, आणि भूजलात क्षार इतके की कित्येक विहिरींचं पाणी ना पिकाला चालत ना माणसाला. इथल्या विद्यार्थ्याच्या झोळीत दुर्बिणीऐवजी वजन बांधलेली मोजपट्टी, क्षार मोजायचं छोटं मीटर आणि धुतलेल्या बाटल्या असतात. काम पहाटे उरकावं लागतं. पारा ४५ च्या पुढे जातो तिथे दुपारी विहिरीच्या कठड्यावर वाकून उभं राहणं जिवावर बेतू शकतं. पहाटेचं दुसरं कारण असं की रात्रभर मोटार बंद असेल तरच पाण्याची खरी पातळी मिळते. म्हणून पट्टी सोडण्याआधी विचारायचं, शेवटची मोटार कधी चालली? मग कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. ही वजाबाकी राहून गेली तर पाणी असतं त्यापेक्षा हात-दोन हात खोल दिसतं, आणि अशा वीस विहिरी झाल्या की सबंध गावाचा आकडा बिघडतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. मीटरवरचा आकडा या दोन खुणांच्या कोणत्या बाजूला पडतो, ते पाहायला विहिरीभोवती लहान पोरांचा घोळका जमतो.

मोठी माणसं वेगळं विचारतात. “काय मोजून राह्यले बाप्पा?” पाणी, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “मोजल्यानं वाढते काय?”

प्रश्न रास्त आहे आणि मुलांनी त्याला खरं उत्तर द्यायला हवं. वाढत नाही, पण नोंद नसली तर टंचाई सिद्ध करता येत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. मेमधली नोंद सगळ्यात खालची. सगळ्या विहिरी काही त्या यंत्रणेच्या यादीत नसतात. जी नाही, तिची हकीकत गावाच्या तोंडी तेवढी राहते. आणखी एक गोष्ट मुलांनी गावात सांगावी. अकोट भागातल्या ८४ खेडी योजनेला पाणी येतं ते वान धरणातून, आणि वान नदी उतरते ती सातपुड्याच्या याच डोंगरांतून. मचाणावरची वही आणि विहिरीवरची वही एकाच पाण्याबद्दल बोलतात.

वरूड तालुक्यानं हे मोजमाप लोकांच्या हाती आलेलं पाहिलं आहे. २० एप्रिल ते ५ जून २०१६ या काळात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, त्यात कोरेगाव आणि अंबाजोगाईबरोबर वरूडही होता. समपातळी रेषा कशी आखायची, चर कुठे खणायचा, हे गावकऱ्यांनी प्रशिक्षणात शिकून घेतलं. नंतरच्या वर्षांत महाराष्ट्र दिनाच्या महाश्रमदानाला शहरांतली मुलंही आली. एका दिवसाचं श्रमदान उमेद देतं, पण चराची रेषा बरोबर आली का, हे तपासायला दुसऱ्या दिवशीही तिथे कोणाला तरी थांबावं लागतं.

थांबायला पैसे लागतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिप काढली. १ मे ते ३१ जुलैच्या दरम्यान शंभर तास काम आणि त्याबद्दल दोन क्रेडिट. क्रेडिटनं गुणपत्रिका सुधारते, एसटीचं भाडं निघत नाही. वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरी मे महिना रिकामा नसतो. वखरणी असते, शेणखत टाकायचं असतं, बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव असते. लग्नसराईत मंडपाच्या किंवा वाढप्याच्या कामावर जाणारा मुलगा घरात रोकड आणतो. त्याला दोन महिने विहिरी मोजायला बोलवायचं तर बुडालेली मजुरी भरून द्यायला हवी. मुलीला बोलवायचं तर राहण्याची नीट सोय आणि घरच्यांशी आधी केलेलं बोलणं हवं. पाणवठ्याच्या रात्रीसाठीही अलीकडे शुल्क पडतं. हे सगळं विद्यार्थ्याच्या खिशावर सोडलं तर या रानाचा अभ्यास ज्यांना परवडतो तेच करतील, आणि धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू मुलं आपल्याच डोंगरात पाहुण्यांचे वाटाडे म्हणून उरतील. हे चूक आहे. विद्यापीठानं, जिल्हा नियोजनाच्या निधीतून असो की आणखी कुठून, अशा उन्हाळ्याचं मानधन ठरवायला हवं. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण ती महिन्याच्या महिन्याला हातात पडावी.

मानधनाइतकंच महत्त्वाचं आहे तीच जागा पुढच्या वर्षी पुन्हा मोजली जाणं. जून उजाडला की मुलं पांगतात, कोणी पदवी घेऊन पुण्याला जातं, कोणाचं लग्न ठरतं, आणि अहवाल विभागाच्या कपाटात जातो. म्हणून जाणते प्राध्यापक शेवटच्या आठवड्यात नवी विहीर मोजू देत नाहीत. मोजलेल्या प्रत्येक विहिरीचं पान पुन्हा काढायला लावतात: अक्षांश-रेखांश, शेताची खूण, कठड्याची उंची, पट्टी कुठून सोडली त्या जागेवर रंगाचा ठिपका, आणि त्या ठिपक्याचं वर्णन अशा शब्दांत, की ज्यानं ही विहीर कधी पाहिली नाही त्या मुलालाही पुढच्या मेमध्ये त्याच ठिपक्यावरून पट्टी सोडता यावी.