सावलीतला उजेड

जूनमध्ये कुवेतमधल्या सलव्यात सूर्य पहाटे पाचच्या आधीच उगवतो आणि आठ-नऊपर्यंत बागा, रस्ते, समुद्रकिनारा सगळंच तापून निघतं. 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला सरकारचीच मनाई असते. मोठ्या माणसांची ही गत, तिथे मुलांना कोण बाहेर सोडणार? पडदे ओढलेली खोली, एसी आणि हातात टॅब, असे महिने सरतात. मग शाळा उघडते, मूल डोळे बारीक करून फळ्याकडे बघायला लागतं आणि घरात निकाल लागतो: टॅब बघून बघून नंबर लागला!

हा निकाल अर्धाच बरोबर आहे. का, ते कळायला आधी डोळा वाढतो कसा ते बघायला हवं.

तान्ह्या बाळाचा डोळा पुढून मागे जेमतेम 17 मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा साधारण 24. या वाढीत डोळ्याला एक गणित सांभाळावं लागतं. प्रकाश जिथे एकवटतो, नेमकं तिथेच मागचं दृष्टिपटल यायला हवं. डोळा एकच मिलिमीटर जास्त लांबला तरी अडीच-तीनचा मायनस नंबर लागतो, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने लांबचं स्पष्ट दिसतं, डोळ्याची लांबी मात्र तशीच राहते. नंबर फार वाढला तर पुढच्या आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचा आणि काचबिंदूचाही धोका वाढतो.

हे गणित सांभाळतं कोण? 1977 मध्ये टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला या शास्त्रज्ञांनी माकडाच्या पिल्लांच्या पापण्या शिवल्या, तेव्हा तो झाकलेला डोळा लांबत गेला. दहा वर्षांनी जॉश वॉलमन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांचा निम्माच भाग धूसर पडद्याने झाकला. डोळा वाढला तोही तेवढ्याच निम्म्या भागात! मेंदूकडे जाणारी नस कापली तरी हे घडत राहिलं. म्हणजे किती वाढायचं, हे बऱ्याच अंशी डोळा स्वतःच ठरवतो, आणि ठरवतो तो दृष्टिपटलावर काय पडतं त्यावरून.

इथे उजेडाचा संबंध येतो. 2008 मध्ये संशोधक कॅथरिन रोझ यांनी सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली. सिंगापुरात 29 टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत फक्त 3 टक्क्यांना. वाचनात सिडनीची मुलं मागे नव्हती. फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळात: तिथे आठवड्याला जवळजवळ 14 तास, सिंगापुरात अवघे 3. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या पाहणीतही, रोज दोन तासांहून जास्त बाहेर असणाऱ्यांत नंबर कमी आढळला. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन हे रसायन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं संशोधकांना वाटतं. घरातल्या दिव्यांखाली 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर लख्ख उन्हात लाखाच्या आसपास.

सलव्यातल्या पालकांना सगळ्यात जास्त दिलासा देणारी गोष्ट म्हणजे उन्हात होरपळायची अजिबात गरज नाही. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत, टोपी आणि गॉगल घालूनही डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मुलांना बजावायलाच हवं.) उन्हाळ्यात म्हणून सकाळी सहाच्या सुमाराचा तासभर मोलाचा. आणि नोव्हेंबर ते मार्च हा इथला सुखद हवेचा काळ तर वाया घालवूच नये. डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, तेव्हा शाळेतून आल्यावर आधी बाहेर खेळणं आणि अंधार पडल्यावर गृहपाठ, असा क्रम लावायला हवा. शिकवण्यांचं वेळापत्रक त्यासाठी बदलावं लागलं तर खुशाल बदलावं.

ज्यांना नंबर लागलाच आहे, त्यांच्यावर या उजेडाचा परिणाम कमी दिसतो. त्यांच्यासाठी अल्प प्रमाणातले ॲट्रोपिनचे थेंब आणि खास भिंगं नेत्रतज्ज्ञांकडे मिळतात, त्यांनी नंबर वाढण्याचा वेग कमी होऊ शकतो. आई-वडील दोघांनाही मायनस नंबर असेल तर मुलाची तक्रार येण्याची वाट न बघता शाळेत घालतानाच डोळे तपासून घ्यावेत.